गराशा बसला ती जागा

धावजीचा हट्ट आणि बाभळीची मुळी, दोन्ही उपटायला जाऊ नये असं तांड्यात म्हणत. म्हातारा पंच्याहत्तरीला टेकलेला, दात गेलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. पण एकदा नाही म्हणाला की तांड्याचा नायकही गप्प बसायचा. त्या वर्षी पौषात त्याने नवंच काढलं. माघ लागताच सुनेच्या भावाचं लग्न होतं, राजूरच्या पलीकडच्या तांड्यात. मुकुटबनहून वणीला आता मोटार जात होती. सकाळी बसलं की दुपारच्या भाकरीला माणूस माहेरी. पण म्हातारा म्हणाला, "मोटारीनं बोचके जातात. माही नातवंडं पायानं जातीन."

सुखीबाई चुलीपुढे होती. तिने मनातल्या मनात लेकरं मोजली. बिजली सात वर्षांची, ती चालली असती. रामी अंगावर पिणारी, ती झोळीत गेली असती. पण पूनम? दोन लेकरं मातीआड केल्यावर हाती लागलेला हा चार वर्षांचा पोरगा, छातीचा कच्चा, थंडी लागली की मांजरासारखा घुरघुरायचा. त्याला घेऊन पौषाच्या थंडीत रानात मुक्काम करायचा, हे काय खूळ!

पण बोलणार कोण? सासऱ्यापुढे सुनेने तोंड उघडायचं नाही, पदर नाकाखाली, आणि चुकूनही अंगाला हात लागता कामा नये, ही त्यांच्यातली रीत. लग्न झाल्यापासून सुखीबाई सासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. म्हणजे सरळ बोलली नव्हती. सांगायचं ते ती लेकराला सांगे आणि म्हातारा लेकराच्या तोंडून याडीला, म्हणजे आईला, उत्तर देई. त्यांची भांडणंसुद्धा अशीच व्हायची आणि चांगली रंगायची.

"बिजले, आज्याले सांग, पूनमची छाती भरून येते म्हणा."

"बिजले, याडीले सांग," म्हातारा अंगणातून म्हणाला, "माह्या बापानं मले लदेणीवर असाच नेलता. मी मेलो काय?"

नवरा नेमसिंग ओट्यावर दोर वळत बसला होता. बाप आणि बायको यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्याचं सगळं आयुष्य गेलेलं. तो दोर वळत राहिला.

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर हिंडायचं. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. ही माणसं जमिनीला चिकटली, कापसाची पऱ्हाटी लावू लागली. धावजीने शेवटच्या एकदोन खेपा लहानपणी पाहिलेल्या. तेवढ्यावर तो उरलेला जन्म बोलत आला होता. त्याच्या बोलण्यात सगळ्यात मोठा मान गराशाचा. लदेणीच्या पुढे एक देवाला सोडलेला बैल असायचा. त्याला ओझं नाही, वेसण नाही. तो चालेल ती वाट, तो बसेल तो मुक्काम, आणि तो आपणहून उठल्याशिवाय डेरा उचलायचा नाही. कोणी दुखणाईत असेल तर त्याला गराशाच्या पायाशी निजवायचं. गराशा उठला की दुखणं बरोबर घेऊन उठतो. लदेणी गेली तरी धावजीच्या घरी गराशा होताच. आताचा पांढरा, वशिंडाचा, डोळे काजळ घातल्यासारखे. पेरणी असो की वखरणी, त्याच्या मानेवर कधी जू ठेवलं नव्हतं.

तर निघाली वरात. पुढे गराशा, गळ्यात घुंगरमाळ. मागे म्हातारा काठी टेकत. मग गोण्या लादलेला बांड्या बैल आणि त्याच्या कासऱ्याला नेमसिंग. शेवटी सुखीबाई आणि लेकरं, आणि सगळ्यांच्या पायात घुटमळणारा भुऱ्या कुत्रा. तांड्यातल्या बाया हसल्या. एकीने विचारलं, "काय वं सुखी, मीठ विकाले चालली काय?"

पहिला मुक्काम एका ओढ्याकाठी पडला आणि खोटं कशाला बोला, सुखीबाईला तो आवडला. गोण्या रचून आडोसा केला, वर पाल ताणलं. तीन दगडांवर भाकरी भाजली. म्हाताऱ्याने लेकरांना चांदण्या दाखवल्या आणि कोणत्या चांदणीला बैल लादायचे ते सांगितलं. पूनम तर हरखून गेला होता. त्याने दिवसभर चालून पायाचे तुकडे पाडून घेतले, पण रडला नाही. सकाळी उठला तर छातीत घुरघूर नाही की काही नाही.

"बिजले, याडीले विचार," म्हातारा चूळ भरून म्हणाला, "कोनाची छाती भरली?"

सुखीबाई पदराआड हसली. म्हातारा जिंकला होता आणि तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रान दाट झालं. साग, मोहा, मधे बांबूची बेटं. दुपारपर्यंत कोलामांचा एक पोड, चारदोन झोपड्यांची वस्ती, लागला, त्यानंतर माणूस दिसला नाही. पोडावरच्या म्हातारीने कुठे जाता विचारलं. धावजीने वाट सांगितल्यावर ती म्हणाली, तिकडे वैशाखात रान पेटलं होतं, तेव्हापासून आम्ही तिकडे सरपणालाही जात नाही. का, ते तिने सांगितलं नाही. धावजीही विचारायला थांबला नाही. ज्याला वाट सांगायला गराशा आहे तो दुसऱ्याला कशाला विचारील?

ऊन कलताना गराशाने वाट सोडली. उजवीकडे एक खोलगट जागा होती, तिन्ही बाजूंनी काळ्या दरडी, मधे मोकळं मैदान. तो सरळ उतरला, एकदा जमीन हुंगली, पुढचे गुडघे मोडले आणि खाली बसला.

"बसला!" म्हातारा आनंदाने ओरडला. "थांबा आता. मुक्काम!"

"बापू, अजून दिवस हाय," नेमसिंग म्हणाला. "थोडं पुढं पानी लागंल."

"गराशा बसला ना बावा. आता तू त्याले पुढचं पानी सांगतं काय?"

सुखीबाई उतरली आणि तिच्या पायाला पहिल्यांदा कळलं. जमीन ऊन होती. उन्हाने तापते तशी वरवर नव्हे. आतून, भाकरी काढलेल्या तव्यासारखी. बिजलीने चपला काढून नाच केला. "याडी, चूल हाय खाली, चूल!" पूनम तर पोटावरच निजला आणि गाल जमिनीला लावून हसू लागला. थंडीत इतकं सुख कोणाला नको?

धावजी खाली बसला, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि त्याच्या धड डोळ्यातून पाणी आलं. "आपल्या वाडवडिलाच्या चुली हायेत या," तो म्हणाला. "हजार बैलाचा तांडा उतरत होता. त्याची आग अजून इझली नाई. पाय लेका नेमसिंग, पाय. गराशानं बरोबर आनलं."

नेमसिंगने हात जोडले. त्याचाही विश्वास बसला होता, आणि का बसू नये? जमीन ऊन होती हे काही कोणी खोटं सांगत नव्हतं.

सुखीबाईच्या डोळ्यांना मात्र दुसरंच दिसू लागलं. एवढं मैदान आणि गवताची काडी हिरवी नाही. मधला मोहा उभ्याउभ्या वाळलेला. पाखरू नाही. किडामुंगी नाही. बांड्या दरडीवर चार पाय रोवून उभा राहिला तो खाली यायलाच तयार नव्हता. नेमसिंगने शेवटी त्याला वरच झाडाला बांधला आणि गोण्या पाठीवर वाहून आणल्या. भुऱ्याही वरच. पूनमने हाक मारली की शेपूट हलवायचा, दोन पावलं उतरायचा आणि कुईं कुईं करत परत चढायचा.

आणि वास. तो तिला ओळखीचा वाटत होता पण आठवत नव्हता. चुलीसाठी दगड उचलला, तो हाताला हलका लागला, बोटं काळी झाली, आणि एकदम आठवलं. माहेरचा वास. राजूरकडे घराघरात दगडी कोळसा जळतो, त्याचा हा वास. वैशाखात रान पेटलं, म्हणाली होती म्हातारी. रान विझलं असेल. खालचं विझलं नसेल.

त्याबरोबर आणखी एक आठवलं. ती लहान असताना माहेराजवळच्या एका नाल्यात असाच कोळसा धुमसत होता. थंडीत शेळ्या उबेला तिथे बसायच्या. एका सकाळी गुराखी गेला तर शेळ्या तशाच बसलेल्या, माना पायांवर ठेवून, रवंथ करता करता डोळा लागावा तशा. अंगावर जखम नाही. एकही उठली नाही.

"बिजले," ती मोठ्याने म्हणाली, "आज्याले सांग, ही जागा चांगली नाई. खाली कोळसा जळून राह्यला. माह्या माहेरी अशा जागेत शेळ्या मेल्या म्हणा."

बिजलीने सांगितलं. म्हातारा पूनमला गोष्ट सांगत गराशाच्या कुशीला टेकून बसला होता. त्याने मान वळवली नाही.

"बिजले, याडीले सांग, शेळ्या गराशाले इचारून बसल्या नव्हत्या."

ती नवऱ्याकडे वळली. तो पाल ताणत होता. "तुमी तरी बोला ना."

"काय बोलू? त्याले उठवू काय काठीनं? बापू जीव देईन." नेमसिंगने कपाळ चोळलं. "सकाळी उठते तो. एका रातीचा सवाल हाय. मलेच आज चढावानं डोकं चढलं हाय, तू आनखी नको चढवू."

डोकं तिचंही ठणकत होतं. तिने रामीला झोळीसकट उचललं आणि कोणाला न विचारता दरडीवर जाऊन बांड्याजवळ बसली. वर हवा बोचरी होती, पण श्वास घेतला तसं कपाळ हलकं झालं. ते तिच्या ध्यानात राहिलं. तिने बिजलीला वर बोलावलं. पूनमला बोलावलं तर म्हातारा म्हणाला, राहू दे, गोष्ट अर्धी आहे.

सूर्य दरडीआड जाता जाता पूनम ओकला. मग डोकं धरून रडू लागला आणि रडता रडता मधेच थांबला. सुखीबाई धावत उतरली. पोराचे ओठ निळसर दिसत होते आणि डोळे अर्धे मिटलेले. तिने हात पुढे केले तेवढ्यात धावजीने त्याला उचललं आणि गराशाच्या पुढच्या पायांशी, अगदी जमिनीवर, निजवलं.

"आता कोनी हात लावू नका," तो म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता, दारू प्यायल्यासारखा. "पायाशी देला आपन पोराले. गराशा उठंन तवा घेऊन उठंन दुखनं. नेम्या, दिवा लाव."

नेमसिंगने पणती लावली. हातात ती नीट जळत होती. खाली वाकून पोराच्या उशाशी ठेवली आणि ज्योत बारीक झाली, निळी झाली, गेली. वारा म्हणाल तर झाडाचं पान हलत नव्हतं. त्याने पुन्हा लावली. हातात जळली, खाली ठेवली, गेली. तिसऱ्यांदाही तेच. म्हातारा पुटपुटला, "घेऊन नाई राह्यला. काय चुकलं बावा आपलं?"

चुकलं काय ते सुखीबाईला त्या पणतीने सांगितलं. हातात जळते, जमिनीला टेकली की मरते. आणि तिचा पूनम जमिनीला टेकलेला होता. गराशाची मान आता पायांवर आली होती. रवंथ थांबली होती. वर दरडीवर भुऱ्याने तोंड आभाळाकडे करून रडायला सुरुवात केली.

तिने पदर मागे टाकला. सासऱ्याने सुनेचा चेहरा पहिल्यांदा पाहिला असेल तो तेव्हा.

"मामाजी," ती म्हणाली, "गराशा उठत नाई आता. तो मरून राह्यला. माहा पोरगा मी नेतो."

गराशाच्या गळ्यातलं घुंगरूही वाजत नव्हतं. म्हाताऱ्याला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पोराकडे.

"सुनबाई," तो म्हणाला, "पायाशी देलेला उचलला तर त्याचं दुखनं दुप्पट होते वं. पोरगा जाईन."

"इथं ठेवला तरी जाते."

तिने वाकून पूनमला उचललं. वाकताना तिच्या डोळ्यांपुढे काळं आलं, गुडघा टेकला, पण पोर सोडलं नाही. "चला," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी बी चला, मामाजी. वर चला. हात जोडतो."

धावजी उठला नाही. त्याने पोर निजलं होतं ती मोकळी जागा तळव्याने साफ केली, जसं आपण अंथरायच्या आधी करतो. "जागा खाली ठेवता येत नाई," तो हळू म्हणाला. "तू पोराले ने. त्याच्या बदल्यात मी झोपतो. मंग त्याच्यावर नाई येत." आणि तो खरोखरच कुशीवर कलंडला, गुडघे पोटाशी घेऊन, गराशाच्या पायांशी.

"बापू!" नेमसिंगने त्याचा दंड धरला.

"हात लावशीन तर माह्या मेल्याची आन हाय तुले. पोरगं पाय आपलं. जा."

सुखीबाईने अंगावरची घोंगडी काढली आणि सासऱ्यावर फेकली. टाकली म्हणावं, अंगाला हात लागू नये म्हणून तिने ती दुरूनच टाकली. मग पोर छातीशी धरून दरड चढली.

वर गार हवेत तिने पूनमला मांडीवर उताणं घेतलं, गालावर मारलं, तळपाय चोळले, नाव घेऊन हाका मारल्या. बराच वेळ तो ओल्या चिंधीसारखा पडून होता. मग एक उचकी आली, मग खोकला, आणि मग तो जो रडला ते रडणं तिला देवाच्या आरतीहून गोड लागलं. तिने त्याला इतकं आवळलं की तो आणखी रडला.

नेमसिंग दोनदा खाली गेला. पहिल्यांदा बापाने हुंकार दिला. दुसऱ्यांदा दिला की नाही हे त्याला सांगता येईना. तो स्वतःच चार पायांवर रांगत वर आला आणि ओकला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा सुखीबाईने त्याच्या धोतराचा सोगा धरला आणि बिजलीने पाय. "तीन लेकरं हायेत," ती म्हणाली. "मी एकटी कशी नेऊ?" तो तिच्यावर ओरडला, तिला वाट्टेल ते बोलला आणि मग दगडावर डोकं ठेवून बापू बापू करत बसला. खालून कोणी ओ दिली नाही.

पहाटे वारा सुटला आणि त्या खोलगटातलं धुकं हललं. उजाडलं तेव्हा सगळं स्वच्छ दिसत होतं. सगळ्या रानावर दव पडलं होतं, त्या मैदानावर थेंब नव्हता. गराशा मान पायांवर ठेवून बसलेला, रवंथ करता करता डोळा लागावा तसा. त्याच्या पायाशी घोंगडीखाली धावजी. ऊब लागलेल्या माणसाचा असतो तसा त्याचा चेहरा निवांत होता, आणि गाल तर चांगले लाल.

पूनम आईच्या कडेवरून वाकून बघत होता. "याडी," त्याने विचारलं, "गराशा उठला नाई काय अजून?"

"नाई."

"मंग आज्याची गोष्ट बाकी हाय," तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावर मान टाकली.

लग्न पुढे ढकललं. तांड्यात बातमी पोचायच्या आधीच तिची कथा झाली होती. धावजीने नातवाचं मरण स्वतःवर घेतलं, गराशा दोघांचं दुखणं घेऊन गेला, असं लोक म्हणू लागले. त्याच जागेवर दगड रचून चबुतरा करायचं ठरलं. नायकाने सुखीबाईला बोलावून विचारलं, तू तिथे होतीस, असंच झालं ना? नेमसिंग तिच्याकडे बघत होता. त्याला हो ऐकायचं होतं. बिचाऱ्याला तेवढाच आधार होता.

खोटं तरी कसं म्हणावं? म्हातारा पूनमच्या जागी निजला होता, पूनम वाचला होता. ती म्हणाली, "असंच झालं. पन चबुतरा वर बांधा. खाली लेकरू नेऊ नका. ज्यानं नेलं त्याले मी आडवी होईन." तिने हे पदर न घेता, सगळ्या पंचांसमोर सांगितलं, आणि कोणी तिला पदर घे म्हणालं नाही.

पुढे कितीतरी पौष आले. थंडी पडली की पूनम घुरघुरायचा आणि ती त्याच्या छातीला तेल लावायची. तेल लावता लावता हात थांबायचा. म्हातारा किती हलका होता! वाळलेल्या पऱ्हाटीची मोळी जड असेल. नेमसिंगला बापाची आण होती, तिला तर कोणी आण घातली नव्हती. पोराला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मनगट ओढलं असतं तरी चार पावलं आला असता. तोंड न उघडायची रीत तिने त्या संध्याकाळी मोडली, पदराची मोडली, गराशाची मोडली. सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, एवढी एकच पाळली.